गांधीनगर ते वॉर्सा, व्हाया वॉशिंग्टन

मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला परवा गांधीनगरला गेलो होतो. कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, वळिवड्याला लागून सिंधी व्यापाऱ्यांची कपड्याची मोठी बाजारपेठ आहे. तीन तास साड्या बघून झाल्यावर मी जांभया द्यायला लागलो तसं बायकांनी मला चहा प्यायला बाहेर हाकललं, आणि चहा पिता पिता आठवलं की आज्जी या भागाला शेवटपर्यंत ‘क्यांप’च म्हणायची. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथं आले खरे, पण कॅम्प त्यांच्यासाठी बांधलेला नव्हता. 1943 ते 1948 इथं पाचेक हजार पोलिश लोक राहायचे, बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारी माणसं.

मला लहानपणापासून एकच प्रश्न पडायचा, की युद्ध तर 1945 ला संपलं, मग ही माणसं पुढं तीन वर्षं इथं काय करत बसली? घरी का नाही गेली?

तर घरच राहिलं नव्हतं. हे बहुतेक लोक पूर्व पोलंडचे, स्टालिननं 1940-41 मध्ये त्यांना उचलून सायबेरिया, कझाकस्तानात टाकलेलं, तिथून सुटून इराणमार्गे आपल्याकडं आले. आणि ते वळिवड्यात बस्तान बसवत होते त्याच वर्षी डिसेंबरात तेहरानमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टसाहेब स्टालिनला खाजगीत सांगत होते की तुमची सीमा पश्चिमेला सरकवायला माझी हरकत नाही, पण माझ्याकडं साठ-सत्तर लाख पोलिश वंशाचे अमेरिकन आहेत, पुढच्या वर्षी निवडणूक आहे, त्यामुळं मी आत्ता उघडपणे काही बोलणार नाही. म्हणजे मतांचं राजकारण काय फक्त आपल्याच गल्लीत चालतं असं नाही! पुढं फेब्रुवारी 1945 मध्ये युद्धानंतरच्या युरोपबद्दल स्टालिनबरोबर याल्टाचा करार झाला तेव्हा रूझवेल्टचाच एक बडा अधिकारी अॅडमिरल लेही म्हणाला की हा करार इतका लवचीक आहे की रशियन लोक तो न मोडता याल्टापासून वॉशिंग्टनपर्यंत ताणतील, त्यावर रूझवेल्टचं उत्तर होतं की माहितीय, पण आत्ता पोलंडसाठी यापेक्षा जास्त मला काही करता येत नाही.

5 जुलै 1945 ला अमेरिका आणि ब्रिटननं वॉर्सातल्या नव्या, कम्युनिस्टांच्या हातातल्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमध्ये आसरा घेतलेलं पोलिश सरकार, ज्याला वळिवड्यातले लोक आपलं सरकार मानायचे, ते कागदावरून पुसलं गेलं. पंचगंगेकाठी बसलेल्या माणसांचं गावही गेलं आणि सरकारही गेलं. मग कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी थेट अमेरिकेलाच.

एवढं कळल्यावर मला वाटलं होतं की पोलिश माणूस अमेरिकेचं नाव काढलं की शिव्या घालत असेल. पण नाही, उलटंच. 1959 च्या ऑगस्टमध्ये निक्सन, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष, मॉस्कोहून परत जाताना वॉर्साला उतरला. सरकारनं त्याचा रस्ता जाहीर केला नव्हता, तरी लाखोंनी माणसं आली आणि गाडीवर फुलांचा खच पडला. थोडेच दिवस आधी ख्रुश्चेव्ह येऊन गेलेला, त्या वेळी उधळायला सरकारनंच फुलं वाटलेली. निक्सननं नंतर लिहिलंय की लोक ओरडून सांगत होते, या वेळची फुलं आम्ही आमच्या पैशानं आणलीत.

आता यात नुसतं प्रेम नव्हतं, गहू पण होता. 1956 मध्ये पोझनानच्या कामगारांनी ‘भाकरी द्या’ म्हणत मोर्चा काढला, त्यांच्यावर रणगाडे घातले गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरात गोमुल्का हा कम्युनिस्ट पुढारी सत्तेवर आला आणि त्यानं मॉस्कोशी थोडं ताठ राहून दाखवलं. अमेरिकेनं लगेच संधी साधली, 1957 मध्ये साडेनऊ कोटी डॉलरची मदत, त्यात आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक असलेला पीएल-480 चा माल. हो तोच, रेशनवरचा लाल गहू, ज्याच्यातनं गाजर गवत आलं म्हणून आमच्याकडचे शेतकरी अजून अमेरिकेच्या नावानं बोटं मोडतात. त्या गव्हाचे पैसे डॉलरमध्ये नाही, पोलंडच्या चलनात म्हणजे झ्लॉटीमध्ये द्यायचे, आणि झ्लॉटी पोलंडबाहेर नेऊन करणार काय, मग त्याच पैशातून क्रॅकोच्या प्रोकोचिम भागात लहान मुलांचं हॉस्पिटल उभं राहिलं, 1965 ला सुरू झालं. कम्युनिस्ट देशात अमेरिकेचं हॉस्पिटल! मला स्वतःला या सगळ्या भानगडीतली ही सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

शहाणपणा कमी पडलेल्या गोष्टी पण भरपूर आहेत. 1976 च्या निवडणुकीच्या टीव्ही डिबेटमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड बोलून गेला की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाहीच आहे, पोलिश लोकांना तर तसं वाटतच नाही म्हणे. निवडणूक हरला. जिंकलेला कार्टर 29 डिसेंबर 1977 ला वॉर्सा विमानतळावर उतरला, भाषण साधंसंच होतं, पण दुभाष्यानं ‘आज सकाळी अमेरिकेहून निघालो’ याचं ‘अमेरिका कायमची सोडून आलो’ असं केलं, आणि पोलिश लोकांच्या ‘आकांक्षा’ जाणून घ्यायच्यात हे तर थेट वासनेच्या अंगानं गेलं. मग दुभाष्या बदलला, तर नव्याला कार्टरचं इंग्रजीच कळेना. मी पण पोटापाण्यासाठी भाषांतरं करतो, त्यामुळं हसता हसता घाम फुटतो.

1981 मात्र हसण्यासारखं नाही. कर्नल कुकलिन्स्की नावाचा पोलिश अधिकारी 1972 पासून सीआयएला कागद पुरवत होता, त्यात लष्करी कायदा लावायची तयारीही होती. नोव्हेंबरात त्याला कुटुंबासकट बाहेर काढलं, पण सॉलिडॅरिटी या सरकारविरोधी कामगार संघटनेला कुणी सावध केलं नाही आणि 13 डिसेंबरला लोक झोपेतून उठले तर रस्त्यावर चिलखती गाड्या. वॉशिंग्टनमधल्या पोलिश राजदूतानं, स्पासोव्स्कीनं (हा मधे भारतातही राजदूत होता), आठवड्यातच पद सोडून आसरा मागितला. रेगनला भेटून तो म्हणाला की ख्रिसमसला खिडकीत एक मेणबत्ती लावा. बाहेर पाऊस होता, रेगन स्वतः छत्री धरून त्या नवराबायकोला गाडीपर्यंत सोडायला गेला. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर मेणबत्तीही आली आणि निर्बंधही आले.

निर्बंध 1987 पर्यंत चालले. तेवढ्यात चेर्नोबिलचा अणुअपघात झाला, अमेरिकेनं दुधाची पावडर देऊ केली, तर पोलिश सरकारचा प्रवक्ता उर्बान म्हणाला, मग आम्ही न्यूयॉर्कच्या बेघरांना पाच हजार स्लीपिंग बॅग पाठवतो. माणूस कसाही असो, टोमणा एक नंबर.

आणि शेवटचा अंक तर भन्नाटच. जून 1989 मध्ये सॉलिडॅरिटी निवडणूक इतकी जिंकली की अमेरिकाच घाबरली, लष्करी कायदा लावणारा जनरल यारुझेल्स्की राष्ट्राध्यक्ष झाला नाही तर मॉस्को बिथरेल म्हणून. राष्ट्राध्यक्ष संसदच निवडणार होती, म्हणून जेवणाच्या टेबलावर अमेरिकन राजदूत डेव्हिसनं सॉलिडॅरिटीच्या लोकांना दूतावासाच्या काड्यांच्या पाकिटामागं आकडे मांडून दाखवले, की तुमचे थोडे लोक गैरहजर राहिले, थोड्यांनी कोरं मत टाकलं, तर त्याला मत न देताही तो निवडून येतो. जुलैत अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष बुशनं स्वतः येऊन यारुझेल्स्कीला उभं राहा म्हणून सांगितलं. 19 जुलैला तो आला निवडून, 270 मतं मिळवून. लागत होती 269.

लंडनचं ते पुसलेलं सरकार मात्र मोडलं नव्हतं, कुणी विचारत नसताना पंचेचाळीस वर्षं तसंच बसून होतं. डिसेंबर 1990 मध्ये सॉलिडॅरिटीचा पुढारी वाउएन्सा लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा लंडनवाल्यांचा शेवटचा राष्ट्राध्यक्ष काचोरोव्स्की जुनी राजचिन्हं घेऊन वॉर्साला आला आणि ती त्याच्या हातात दिली. हा काचोरोव्स्की पण सायबेरियाच्या छावणीतूनच सुटलेला, वळिवड्याच्या लोकांसारखाच.