केत्साल बघायचा तर आधी झाड गाठा

केत्साल या हिरव्या-लाल पक्ष्यासाठी महामार्ग सोडून गाडी सान हेरार्दो दे दोताच्या दरीत उतरू लागली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. मध्य अमेरिकेतला कोस्टारिका म्हणजे उकाडा, अशा समजुतीने आलेली मंडळी इथे पहाटे काकडतात. उंची साधारण २२०० मीटर. खाली सावेग्रे नदी, वर शेवाळाने लगडलेले ओक.

वाटाड्याने पक्षी शोधायची खटपटच केली नाही. एका कुरणाच्या कडेला, रानटी अव्होकाडोच्या झाडाखाली नेऊन उभं केलं. इथे या झाडाला आग्वाकातियो म्हणतात. फळं धरली की केत्साल येणारच, असा त्याचा रोकडा हिशोब.

आला, पण धुक्यात तो चक्क काळपट दिसला. मग ऊन पडलं आणि पाठ झगझगीत हिरवी झाली. जरा वळला तर निळसर, झुकला तर सोनेरी. या पिसांत हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिसांतल्या मेलॅनिन या काळपट द्रव्याच्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड परततो, त्यातून हा रंग उमटतो. पोटाचा लाल मात्र रंगद्रव्याचाच. आणि ज्या शेपटीसाठी सगळे कॅमेरे रोखलेले, ती शेपटी नव्हेच! शेपटीवरची आच्छादक पिसं वाढून जवळजवळ मीटरभर लांब होतात. मूळ शेपटी त्यांच्याखाली, आखूड.

मला त्याचं खाणं जास्त आवडलं. फांदीवरून झेपावला, हवेत क्षणभर फडफडत फळ तोडलं, परत बसून अख्खं गिळलं. मग बराच वेळ ढिम्म. शेवटी चोच वासली आणि स्वच्छ बी टपकन खाली. झाडाची पेरणी अशी चालते.

मादी आली तेव्हा निम्मे कॅमेरे खाली गेले. तिला ती लांब पिसं नसतात, छाती करडी. अन्याय आहे! कुजक्या खोडातल्या ढोलीत अंडी मात्र दोघंही उबवतात. नराची पाळी असली की पिसांची टोकं बाहेर लोंबत राहतात.

याच पिसांसाठी मध्य अमेरिकेतले प्राचीन माया लोक पक्षी पकडत, पिसं काढून सोडून देत. आता पिसांऐवजी तिकीट. कुरणाचा मालक फाटकाशी माणशी पैसे घेत होता. आमच्यातले काही कुरकुरले. मला तो सौदा पटला. गाईंसाठी जागा मोकळी करण्यापेक्षा झाड राखण्यात त्याला फायदा दिसतोय, तोवर कुऱ्हाड लांब राहील. जाणार असाल तर मार्च-एप्रिल गाठा, विणीचा हंगाम असतो. आणि स्वेटर घ्या.