ब्वेनाव्हिस्तातील गळतीची तपासणी

दिवंगत मेक्सिकन वास्तुकार लुईस बारागानच्या घराचे तिकीट निदान महिनाभर आधी काढावे, असा सल्ला मला तीन जणांनी दिला होता आणि तिघांचेही मी ऐकले नव्हते. त्यामुळे मेक्सिको सिटीत पोहोचल्यावर ते जगप्रसिद्ध घर आम्हाला दिसले ते रस्त्यावरूनच, म्हणजे एक करडी भिंत आणि एक बंद दार, एवढेच. बायको काहीच बोलली नाही, आणि ते तिच्या बोलण्यापेक्षा जड गेले. वास्तुकलेच्या अभ्यासासाठी वर्षभर त्या शहरात राहिलेली माझी भाची मात्र मनातून खूश झाली असावी. ती म्हणाली, "मामा, गेलेल्या माणसाच्या घरासाठी काय हळहळतोस? जिवंत माणसाची इमारत दाखवते. तिकीट नाही, रांग नाही, आणि तुझ्या आवडीचा विषयसुद्धा आहे तिथे. गळती."

माझी सगळी नोकरी सरकारी इमारतींच्या देखभालीत गेली, त्यातली अकरा वर्षे कोकणात. मी कोणत्याही वास्तूत शिरलो की आधी छताकडे पाहतो, मग भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्याकडे, आणि मग नाइलाजाने बाकीच्या इमारतीकडे. ताजमहाल पाहतानाही मी हेच केले होते, असे बायको अजून सांगते. तेव्हा भाचीने टाकलेला गळ मी गिळला.

जिवंत माणूस म्हणजे आल्बेर्तो कालाच. जन्म १९६०, मेक्सिको सिटीचाच. इबेरोअमेरिकाना विद्यापीठात वास्तुकला शिकून त्याने १९८१ मध्ये 'ताय्येर दे आर्कितेक्तुरा एक्स' ही आपली कार्यशाळा काढली आणि पुढचे शिक्षण अमेरिकेत कॉर्नेलला घेतले. एकविसाव्या वर्षी स्वतःची कार्यशाळा! तो माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. त्या वयात मी सर्व्हेइंगच्या पेपरात दुसऱ्यांदा नापास झालो होतो. आधी घरे, लहान इमारती, मग मोठी कामे, असा त्याचा प्रवास इतर वास्तुकारांसारखाच दिसतो. परंतु त्याच्या नावाला कीर्ती आणि बदनामी एकाच वेळी चिकटली ती ब्वेनाव्हिस्ता भागातल्या वास्कोन्सेलोस ग्रंथालयामुळे, आणि आम्ही निघालो होतो तिथेच.

मेट्रोचे भाडे पाच पेसो, अंतर कितीही असो. 'बी' मार्गिकेच्या शेवटच्या स्थानकावर उतरलो. गर्दी मुंबईच्या मानाने सौम्य, पण समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंचीवर जिना चढताना सौम्य गर्दीतही धाप लागते आणि मागचे लोक वयस्कर माणसासाठी थांबतात, याची लाज वाटते. दोन टप्प्यांत जिना चढून मी दम खात उभा राहिलो, तेव्हा भाचीने ग्रंथालयाचा इतिहास सांगितला. माझा दम परत यावा म्हणून ती तो लांबवत होती, हे मला कळत होते.

स्पर्धा २००३ मध्ये झाली. कालाच आणि हुआन पालोमारसह त्याच्या सहकाऱ्यांचा आराखडा निवडला गेला. राष्ट्राध्यक्ष व्हिसेन्ते फॉक्स यांच्या कारकिर्दीतले हे सर्वांत मिरवले गेलेले बांधकाम. वर्तमानपत्रांनी त्याला 'मेगाबिब्लिओतेका', म्हणजे महाग्रंथालय, असे नाव ठेवले. उद्घाटन झाले १६ मे २००६ रोजी, आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती त्याच वर्षी २ जुलैला. एवढे ऐकल्यावर पुढचे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. मार्च २००७ मध्ये बांधकामातील दोषांमुळे ग्रंथालय बंद करावे लागले, पाणी गळत होते, आणि सरकारी लेखापरीक्षणात ३६ अनियमितता निघाल्या. ते पुन्हा उघडले नोव्हेंबर २००८ मध्ये.

आराखड्यात चूक नसते असे नाही. पण ज्या इमारतीची फीत कापायची तारीख आधी ठरते आणि काम मागून धावत येते, तिचे छत पहिल्याच पावसात बोलू लागते, हे मी चौतीस वर्षे पाहिले आहे. छतावरचा कोबा नीट सुकू द्यायला जे दिवस लागतात ते कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नसतात. एका तालुक्याच्या गावी अशाच एका उद्घाटनानंतर आठवडाभराने मी बादल्या मोजायला गेलो होतो, आणि त्या कामाच्या कागदावर माझीही सही होती. कालाचबद्दल मला सहानुभूती वाटू लागली ती इमारत पाहण्याआधीच, आणि तपासणीला निघालेल्या माणसाच्या दृष्टीने हे बरे लक्षण नव्हते.

आत शिरल्यावर मी छताकडे पाहिले, पण छत दिसलेच नाही. दिसल्या त्या पुस्तकांच्या मांडण्या. जमिनीवर उभ्या नव्हेत, वरून लोंबणाऱ्या. एका अतिलांब दालनाच्या दोन्ही अंगांना पोलादी सांगाड्यांतून मजल्यांमागून मजले टांगलेले, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा कमीजास्त पुढे आलेला, त्यामुळे वर पाहताना एखाद्या जहाजाचा तळ आतून पाहतो आहोत असे वाटते. कालाचच्या मनात ज्ञान वाहून नेणारे तारूच होते, असे भाची म्हणाली. या तारवाच्या मधोमध टांगला आहे एका करड्या देवमाशाचा सांगाडा. तो गाब्रिएल ओरोस्को या कलावंताने बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून काढून आणला आणि त्या हाडांवर सहायकांकडून पेन्सिलीने वर्तुळांमागून वर्तुळे रेखून घेतली. छताखाली पुस्तके, पुस्तकांखाली देवमासा आणि देवमाशाखाली वह्या उघडून बसलेली मुले. बायको म्हणाली, "हाडं खाली आली तर?" माझ्याही मनात नेमके तेच आले होते, पण मी तिला टांगणीच्या सळ्यांचे गणित समजावून सांगितले.

वर जाण्याचा उत्साह मला तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरला. मांडण्यांमधून जाणाऱ्या अरुंद वाटांवरून खालची पोकळी सतत दिसत राहते. आयुष्यभर परांचीवर चढलेला माणूस इथे कठडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, आणि शेजारून एक शाळकरी मुलगी हातातल्या पुस्तकातून डोके वर न काढता तीच वाट ओलांडून गेली. बऱ्याच फळ्या रिकाम्या होत्या. या इमारतीवर टीका करणारे त्याकडे बोट दाखवतात. मला मात्र, खरे सांगायचे तर, त्या रिकाम्या फळ्यांतून पलीकडची बाग दिसते हेच आवडले. कालाच मुळात झाडांचा माणूस आहे. त्याच्या इमारतींची छायाचित्रे पाहिली तर अर्ध्या चित्रात काँक्रीट असते आणि उरलेल्या अर्ध्यात पाने. इथेही ग्रंथालयाच्या भोवती त्याने एक बागच लावली आहे, आणि रेल्वेस्थानक, मॉल आणि बसगाड्या यांच्यामध्ये हे हिरवे बेट उभे आहे.

साडेचारच्या सुमारास आभाळ भरून आले. त्या शहरात पावसाळ्यातला पाऊस बहुधा दुपार टळल्यावर येतो, कचेरी सुटण्याची वेळ गाठल्यासारखा. मी खाली येऊन काचेच्या भिंतीजवळची एक खुर्ची पकडली, कारण पाऊस हीच माझी तपासणीची वेळ होती. काचेच्या बाहेर, छताच्या पुढे आलेल्या भागाखाली, पंधरा-सोळा वर्षांची सहा-सात मुलेमुली कोरियन गाण्यांवर नाचाचा सराव करत होती. भाची म्हणाली की हे रोजचेच आहे. नाचायला एवढा मोठा फुकट आरसा या शहरात दुसरीकडे मिळत नाही, म्हणून ती इथे येतात. खरेच, ती मुले काचेत स्वतःला पाहत होती. त्यांच्यातली एक मुलगी माझ्यापासून दोन हातांवर, थेट माझ्या डोळ्यांत पाहत एकच पाऊल पुन्हा पुन्हा बसवत होती, आणि मी तिच्या लेखी नव्हतोच.

मग पाऊस कोसळला. कोकणातला नव्हे, पण त्याच्या नात्यातला. छतावर त्याचा एकसारखा आवाज सुरू झाला आणि मी मान वर करून, डोळे बारीक करून, काटकोनातले सगळे सांधे एकामागून एक तपासू लागलो. बाहेर अंधारून आले होते आणि आत दिवे लागले होते. अशा वेळी काचेचे जे होते ते माझ्या लक्षात आले नाही, तिच्या मात्र आले. आरसा विझला. आतापर्यंत स्वतःला पाहणाऱ्या त्या मुलीला अचानक समोर दिसला एक टकल्या, परदेशी म्हातारा, तोंड उघडे ठेवून छताकडे एकटक पाहणारा. ती दचकली. मग तिने माझ्या नजरेच्या रोखाने वर पाहिले. तिच्या शेजारच्या मुलानेही पाहिले. क्षणभर सगळेच्या सगळे नाच थांबवून, काचेला कपाळ टेकवून, आत टांगलेल्या पुस्तकांकडे आणि त्या हाडांकडे पाहत राहिले. रोज तिथे येणारी मुले ती. कदाचित त्यांनी ते शंभरदा पाहिले असेल. मी ओशाळून हात हलवला. तिनेही हलवला, आणि बाहेर उजाडेपर्यंत आरशावाचून नाचायचे कसे, यावर त्यांची चर्चा सुरू झाली.

मी बसलो होतो तिथे एक थेंबही पडला नाही. सगळ्या इमारतीची हमी मी देत नाही. मी एका खुर्चीपुरता पंचनामा करतो आहे.

पुढचे दोन दिवस तेओतिवाकानचे पिरॅमिड आणि पोटाच्या तक्रारी यांत गेले. त्यानंतर भाचीने कालाचची आणखी एक वास्तू दाखवली : जुन्या लाकडाच्या वखारीतून त्याने २००८ मध्ये उभी केलेली कुरीमान्सुत्तो कलादालनाची इमारत. ती शांत, उजेडाची, आणि रस्त्यावरून सहज चुकावी अशी आहे. चापुल्तेपेकच्या रानासमोरचा त्याचा 'टॉवर ४१' बसमधून पाहिला. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या प्वेर्तो एस्कोंदिदोजवळ त्याने सौरऊर्जेवर चालणारे एक हॉटेल बांधले आहे. त्याचे एका रात्रीचे भाडे पाहून आम्ही फोन बाजूला ठेवला आणि जेवायला गेलो.

पण मला खरा कालाच समजला तो जेवणाच्या टेबलावर, भाचीने कागदी रुमालावर काढलेल्या नकाशात. हे शहर सरोवरात वसले होते. १६०७ पासून स्पॅनिश राज्यकर्त्यांनी ते पाणी बाहेर काढायला सुरुवात केली. तरीही १६२९ चा पूर आला तेव्हा शहराचा मोठा भाग सुमारे पाच वर्षे पाण्यात होता. पाणी गेले आणि मागे राहिली मऊ चिकणमाती. वरून कोट्यवधी लोकांनी विहिरींतून तिच्यातला ओलावा शोषून घेतला, आणि शहर खचत चालले. स्वातंत्र्यस्तंभ १९१० मध्ये नऊ पायऱ्यांसह उभा राहिला. भोवतालची जमीन खाली गेली म्हणून पुढे त्याला चौदा पायऱ्या जोडाव्या लागल्या. आम्ही त्या पायऱ्यांवर बसून फोटो काढला होता आणि मला, पायाभरणीवर एवढे बोलणाऱ्या माणसाला, हे ठाऊक नव्हते.

कालाचने ज्येष्ठ वास्तुकार तेओदोरो गोन्सालेस दे लेओन यांच्या बरोबरीने १९९० च्या दशकात प्रस्ताव मांडला तो याच्या उलट दिशेचा : पाणी बाहेर घालवू नका, परत आणा. सांडपाणी शुद्ध करून आणि पावसाचे पाणी अडवून, ज्यात हे शहर वसले ते तेस्कोकोचे सरोवर पुन्हा भरा आणि त्याच्या काठाने शहर वाढू द्या. ते काही झाले नाही. त्या कोरड्या तळावर २०१४ मध्ये भव्य विमानतळ जाहीर झाला, बांधकाम बरेच पुढे गेल्यावर २०१८ मध्ये तो रद्द झाला, आणि आता त्या जागेवर सरोवराचे उद्यान उभे राहिले आहे. त्या प्रस्तावाचे बोट धरून ते झाले, असा दावा मी करणार नाही. परंतु ज्या माणसाच्या इमारतीत पाणी शिरले म्हणून त्याचे नाव जगभर झाले, त्याने आयुष्यातली इतकी वर्षे पाण्याला परत बोलावण्यात घालवली, हे ऐकून मी माझ्या ताटातला शेवटचा टाको तसाच ठेवून तो रुमाल घडी करून खिशात टाकला. बायकोने तो टाको खाल्ला.

परतीच्या विमानात मला खिडकी मिळाली नाही, मधली जागा मिळाली. पूर्वेकडे उड्डाण झाले तर सरोवराचा तळ दिसतो, असे भाचीने बजावले होते. विमान उठले, कलले, आणि क्षणभर खाली मातकट सपाटी, तिच्यावर माणसाने आखल्यासारखे सरळ काठांचे एक तळे आणि त्यावर चमकलेले ऊन दिसले. मी नीट पाहायला वाकलो, तोच खिडकीशेजारच्या गृहस्थाने डोळ्यांवर ऊन येते म्हणून झडप खाली ओढली.