आमची वाटचाल : स्टीव्हियाच्या रोपांची

आमचं घर उसाचं. त्यामुळे साखरेला पर्याय असलेल्या पिकाची रोपवाटिका काढतोय म्हटल्यावर वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच शेडनेटचे खांब रोवायला माणसं आणली.

स्टीव्हिया म्हणजे गोड पानांचं झुडूप, मूळची पॅराग्वेची. आम्ही सुरुवात बियांपासून केली आणि तिथेच फसलो. या झाडाला स्वतःच्या परागावर बी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे बियांची रोपं एकसारखी निघत नाहीत. एकाच वाफ्यातलं एक पान चघळावं तर निव्वळ गोड. शेजारचं आधी गोड लागतं आणि मग जिभेच्या मागे कडवटपणा रेंगाळतो. त्यात काळं बी तेवढं उगवतं, फिकट बी फोल. आमच्या पुडीत फिकटच जास्त होतं. अशी रोपं शेतकऱ्याला द्यायला मन धजेना.

म्हणून टिश्यू कल्चरकडे, म्हणजे एकाच चांगल्या झाडाच्या तुकड्यांपासून प्रयोगशाळेत तशीच रोपं वाढवण्याकडे वळलो. निवडक झाडाच्या फांदीचा पेरासकट छोटा तुकडा बाटलीत लावायचा, फुटवे आले की पुन्हा तोडून लावायचे. बाटलीत रोपाला पोसणारं जे माध्यम असतं, त्यात लिटरला 30 ग्रॅम साखर लागतेच, कारण बाटलीतल्या रोपाला स्वतःपुरतं अन्न बनवता येत नाही. त्याच साखरेवर बुरशीही पोसते. पहिल्या पावसाळ्यात सकाळी दार उघडलं तर रॅकच्या रॅक पांढरे पडलेले. लॅबमधल्या ताईंनी एकेक बाटली उजेडात धरून चांगल्या तेवढ्या वेगळ्या काढल्या. आजही ते काम त्यांच्याच नजरेवर चालतं.

खरी ओढ मात्र नव्या वाणाची. दिवस लहान झाला की स्टीव्हिया फुलते. फुलली की पानांची वाढ थांबते आणि गोडवा उतरतो. आपल्याकडचा सर्वांत मोठा दिवसही जेमतेम 13 तासांचा, म्हणून इथे ती फार लवकर कळ्या धरते. उशिरा फुलणारी झाडं आणि कडवटपणा नसलेली झाडं एका जाळीत ठेवून आम्ही संकर करतो. आलेल्या रोपांतून निवड करायची, ती पुन्हा चघळून बघायची, पानं तपासणीला पाठवायची. बहुतेक रोपं बाद होतात.

2015 मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने स्टीव्हियापासूनच्या गोडव्याला मान्यता दिली आणि लागवडीची हवा झाली. हमीभावाने पानं उचलण्याचा शब्द देऊन पुढे फोन न उचलणारेही निघाले. एका शेतकऱ्याच्या ओसरीवर वाळल्या पानांची पोती मी स्वतः पाहिली. तेव्हापासून रोपं मागायला येणाऱ्याला आमचा पहिला प्रश्न असतो : पानं घेणार कोण, ते ठरलंय का? नसेल ठरलं, तर आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही.