लेन्सवर दव साचू नये म्हणून

डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीतील उल्कावर्षाव टिपण्यासाठी भंडारदऱ्याला जायचे ठरले, तेव्हा मला ढगांपेक्षा दवाची काळजी अधिक होती. हा वर्षाव १३-१४ डिसेंबरच्या सुमारास ऐन भरात असतो आणि त्याचा उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून येताना दिसतात तो पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळचा बिंदू, रात्री दोनच्या आसपास सर्वांत उंच चढतो. उल्का केव्हा पडेल हे सांगता येत नसल्यामुळे कॅमेरा तासन्‌तास चालू ठेवावा लागतो, आणि नेमक्या त्याच उत्तररात्री हवेतील आर्द्रता वाढत जाते.

धुके पडलेले नसतानाही लेन्स ओली का होते, हे आधी समजून घेतल्याचा मला फार उपयोग झाला. निरभ्र रात्री आकाशाकडे तोंड करून असलेली काच आपली उष्णता सतत बाहेर टाकत राहते, त्यामुळे ती भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. तिचे तापमान दवबिंदूखाली, म्हणजे हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाखाली, उतरले की हवेतील बाष्प तिच्यावर साचते. हवा १४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे साडेबारा अंशांवर असतो, म्हणजे काच जेमतेम दीड अंशाने थंड झाली तरी पुरते. लंडनमधील डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गवतावर काही इंच उंचीवर तलम रुमाल ताणून दाखवले होते की, त्या आडोशाखालचे गवत उघड्या गवतापेक्षा उबदार राहते. सारे उपाय याच दोन गोष्टींवर येऊन थांबतात: काचेला दिसणारे आकाश कमी करणे किंवा तिला थोडी ऊब देणे.

पहिला उपाय रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सला फारसा लागू पडत नाही. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर लांब हूड (पुढच्या बाजूचा नळीसारखा आडोसा) लावून बराच काळ निभावता येते, परंतु माझ्या १४ मिलिमीटरच्या लेन्सचा हूड आखूड आहे आणि तो लांबवला तर चित्राच्या कडांना त्याची सावली येते. जागा निवडताना मात्र मी काळजी घेतली. जलाशयाचे प्रतिबिंब कितीही मोहक असले, तरी काठावर आणि सखल गवतात थंड, ओलसर हवा साठते. म्हणून थोडी झुळूक लागेल असा खडकाळ उंचवटा शोधला.

मुख्य भिस्त यूएसबीवर चालणाऱ्या हीटर पट्टीवर होती. ती पुढच्या काचेच्या शक्य तितक्या जवळ, पण फोकसच्या कड्यावर येणार नाही अशी गुंडाळावी लागते. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती दव दिसण्याची वाट न पाहता मांडणी होताच चालू करणे, कारण काच कोरडी ठेवायला थोडी उष्णता लागते आणि ओली झालेली काच वाळवायला पुष्कळ. लेन्स कोमट झाली की फोकस किंचित सरकू शकतो; म्हणून पट्टी लावल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबून मगच एका ठळक ताऱ्यावर फोकस साधला आणि ते कडे चिकटपट्टीने पक्के केले. वायर ट्रायपॉडच्या पायाला बांधली, नाहीतर अंधारात पाय अडकून सगळेच खाली येते.

विजेचा हिशेबही करावा लागतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-तास ऊर्जा असते; पट्टी पाच वॉट घेत असेल तर तूट वजा जाता सहाएक तास मिळतात. काही पॉवर बँका भार फार कमी झाला की आपोआप बंद पडतात, हे घरीच तपासून घेतलेले बरे. मी पट्टी मध्यम उष्णतेवर ठेवली आणि दुसरी पॉवर बँक जॅकेटच्या खिशात उबेला ठेवली, कारण थंडीत बॅटरी लवकर दम तोडते.

मधूनमधून लाल टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून काच पाहत होतो. ट्रायपॉड, पिशवी, माझी टोपी, सारे ओलेचिंब झाले, तरी काच शेवटपर्यंत कोरडी राहिली. दव धरू लागले की ठळक ताऱ्यांभोवती आधी अंधुक वलय येते. तसे एकाही चित्रात दिसले नाही. रुमालाने काच पुसणे मी उपायांत धरतच नाही, कारण थंड काच लगेच पुन्हा ओली होते आणि चित्रांच्या सलग मालिकेत खंड पडतो तो वेगळाच.

आवरताना लेन्सला झाकण लावून कॅमेरा हवाबंद पिशवीत ठेवावा आणि उबदार खोलीत तो खोलीइतका गरम होईपर्यंत पिशवी उघडू नये, म्हणजे बाष्प साचले तरी पिशवीवर साचते. चित्रे पाहण्याची घाई प्रत्येकालाच असते, त्यामुळे मेमरी कार्ड मी पिशवी बंद करण्यापूर्वीच काढून घेतो.