सड्यावर विणकामाची सुई

सुई पहिल्याच ठिकाणी वाकली. दहा नंबरची, ॲल्युमिनियमची, आईच्या वेळची. दादा लांबून बघत होता. म्हणाला, "अगो, कातळात काय स्वेटर विणत्येस?"

देवाचे गोठणे गावाच्या वरचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. राजापूर तालुका, एप्रिलचा शेवटचा आठवडा, सकाळची वेळ आणि तरीही चपलेतून चटका बसत होता. दादरहून तुतारीने राजापूर रोडला उतरले, तिथून मावसभावाच्या रिक्षाने घर, चहा, आणि ऊन चढायच्या आत थेट वर. हा दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. चाळीस वर्षं आंब्याची कलमं करतोय. मी भूगोल शिकवून निवृत्त झालेली. आमच्यात मातीवरून वाद ठरलेलाच.

सुईचं कारण सांगते. गेल्या वर्षी मी दोन महिने लेकीकडे हवाईला होते. मोठ्या बेटावर, वायमेआ गावाजवळ. हवाई म्हटलं की आपल्याला नारळ आणि समुद्र दिसतो. तिथे मात्र घराच्या मागे बोडके, पिवळे, वाऱ्याने झोडपलेले उतार होते आणि त्यावर गुरं. कोहाला नावाच्या जुन्या ज्वालामुखीची ही सावलीची बाजू, म्हणजे पर्जन्यछाया. समुद्रकाठी वर्षाला पंचवीस-तीस सेंटिमीटर पाऊस, आणि तिथून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर तीनशेच्या वर. आपल्याकडे महाबळेश्वर ते फलटण जेवढा फरक बघायला घाट उतरून निम्मा दिवस जातो, तो तिथे अर्ध्या तासात दिसतो. लेक कामाला गेली की मी त्या उतारांवर भटकायचे. कुंपणाबाहेरून एकदा सहज सुई खुपसली. मुठीपर्यंत आत गेली, काही लागलंच नाही. मग चाळाच लागला.

ती माती राखेची. हे दादाला सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, "कोणी जाळली?" कोकणातल्या माणसाला राख म्हणजे राबाची, भाजावळीची. गवत, पालापाचोळा, कवळं जाळायची आणि त्यावर नाचणीची, भाताची रोपं करायची. ज्वालामुखीच्या राखेत जळलेलं काहीच नसतं, हे समजावताना माझी शिक्षिका जागी झाली. वायूने फुटलेला लाव्हा हवेतच थंड होतो आणि त्याची बारीक काच होऊन खाली बसते. आपण नावच चुकीचं दिलंय, पण आता ते बदलणार कोण. त्या काचेला पाणी लागलं की ती कुजते म्हणा, आणि तिच्यातून ॲलोफेन नावाचं एक विस्कळीत खनिज तयार होतं. याच्या कणांत पोकळीच फार. म्हणून ती माती हातात घेतली की फसवणूक झाल्यासारखं वाटतं, इतकी हलकी. लेकीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक लिटरचा डबा भरून वजन केलं होतं: सुकी माती, सातशे ग्रॅमच्या आसपास. मृदाशास्त्रात अशा मातीचा एक निकषच आहे, घनता दर घनसेंटिमीटरला ०.९ ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे पाण्याहून हलकी. तिचं शास्त्रीय नाव अँडिसॉल. जपानीत 'अन' म्हणजे काळपट आणि 'दो' म्हणजे माती, त्यावरून.

आणि तिची गंमत तळहातावर कळते. माथ्याकडच्या ओलसर भागातला मुठीएवढा गोळा घेतला, तर तो चांगला घट्ट वाटतो. मग अंगठ्याने चोळत राहायचं. एका क्षणी तो लोण्यासारखा सुटतो, बोटांवर पाणी येतं, आणि सोडला की परत घट्ट. दादाला हे पटेना. "साय हाय की माती?"

आता आमचा सडा. इथेही मूळ लाव्हाच, हे मला त्याला सांगायचं होतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला बेसाल्ट, पण राख फार थोडी. आपला ज्वालामुखी फुटण्यापेक्षा वाहणारा. पुढे पावसाने त्यातली सिलिका, चुना, पोटॅश सगळं धुऊन नेलं आणि लोह-ॲल्युमिनियम तेवढं मागे ठेवलं. तोच जांभा. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टरने केरळात अंगाडीपुरमला लोक तो विटांसारखा कापताना बघितला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट म्हटलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. आपण चिरा म्हणतो.

सड्यावर एक माणसाची आकृती कोरलेली आहे, कातळशिल्प. तिच्याजवळ होकायंत्र चुकतं असं ऐकलं होतं, म्हणून शाळेतलं जुनं होकायंत्र मुद्दाम आणलं होतं. खरंच, आकृतीशी नेलं आणि काटा बहकला. दोन पावलं बाजूला गेले तर वेगळीच दिशा. दादा इथे लहानपणापासून गुरं घेऊन यायचा, त्याला त्याचं काही नाही. तो म्हणाला, उत्तर त्या बाजूला आहे, यंत्र कशाला पाहिजे.

त्यानंतर आम्ही सुई घेऊन सड्यावरून वरकसाकडे, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीकडे उतरलो, तेव्हा खरी तुलना सुरू झाली. सड्याच्या खळग्यांत दीड बोट काळसर माती, तीही गवताच्या मुळांनी धरलेली. पावसाळ्यात याच दीड बोटावर सीतेची आसवं उगवतील, आत्ता नुसतं कुसळ आणि शेणाच्या वाळक्या गोवऱ्या. उतारावर तांबडी माती, खड्यांसकट चार-पाच बोटं. मग परत कातळ. या मातीचाही लिटरभर डबा भरून घरी वजन केलं: सव्वा किलोला थोडं कमी. कोकणातला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण चार महिन्यांत. उरलेले आठ महिने हा उतार कोहालाच्या कोरड्या बाजूसारखाच दिसतो. तसंच पिवळं गवत, झुबक्याझुबक्यांनी उगवलेलं, मध्ये उघडी जमीन, आणि गुरांच्या खुरांनी पडलेल्या आडव्या वाटा. वणवा लागला की दोन्हीकडे पहिल्या पावसात माती वाहून जाणार.

पाण्याचं मात्र उलटं. तिथे कोरड्या उतारावर बाटलीतलं पाणी ओतलं तर थेंब धुळीत घोळून गोट्यांसारखे गडगडत गेले. माती पाणी घ्यायलाच तयार नाही, आणि एकदा घेतलं की सोडत नाही; इतक्या बारीक पोकळ्यांत धरते की शेवटचा हिस्सा झाडाला ओढताच येत नाही. इथे चिऱ्यावर ओतलं, चिरा गटकन प्यायला. सड्यावर मार्चनंतर विहिरी का आटतात ते त्या एका घोटात कळतं. आत गेलेलं पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली, व्हाळाला, खाडीला.

एका बाबतीत मात्र दोघी सख्ख्या बहिणी निघाल्या, आणि ते दादानेच दाखवलं. वाटेत एक बंद पडलेली चिरेखाण आहे. "ताजा चिरा मऊ असतो," तो म्हणाला, "कोयत्याने खरवडतो. वारा लागला की दगड होतो. मग कितीही पाण्यात ठेव, मऊ नाय व्हायचा." मी तिथेच थांबले. राखेच्या मातीचंही हेच आहे. एकदा कडक वाळली की तिच्या पोकळ्या मिटतात, वाळूसारखे खडे होतात, परत पाणी घातलं तरी ती लोण्याची चाल येत नाही. म्हणूनच तिथल्या उतारावर गवताचं पांघरूण गेलं की जमीन जन्माची जाते. गुरं किती चारायची याचं भांडण तिथेही आहे.

दुसरा सारखेपणा स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. दादा सुपर फॉस्फेट घालतो आणि म्हणतो, अर्धं कुठे जातं कळत नाही. लोह आणि ॲल्युमिनियम ते धरून बसतात. राखेच्या मातीत तर त्याहून जास्त. मी हे सांगितलं तेव्हा त्याला बरं वाटलं, त्याचा हिशोब चुकत नव्हता म्हणून.

उतारावरचे गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांची कुंपणं, बघताना मला कोहालाचे बांध आठवले. युरोपियन जहाजं येण्याच्या आधीपासून तिथले लोक या कोरड्या उतारांवर रताळी आणि अळू लावायचे. दगड-मातीचे लांबच लांब बुटके बांध घालायचे, त्यावर ऊस, म्हणजे वारा अडतो. ही शेती एका पट्ट्यातच होती. खाली पाऊस पुरत नाही, वर पावसाने कस धुऊन नेलेला. मधल्या पट्ट्यात दोन्ही जेमतेम जमतं, तेवढंच त्यांनी धरलं. माथ्यावरचा तो धुतलेला भाग म्हणजे आपल्या सड्याचं बालपण, असं मी मनात म्हटलं. काही लाख वर्षांची माती ती. आपल्याला कोटींत मोजावं लागतं.

"अळू?" दादा थांबला. "फतफत्याचं?"

"कंद खातात. कुटून खळ करतात."

त्याने तोंड वाकडं केलं.

घराकडे वळताना त्याने या वर्षी घेतलेले खड्डे दाखवले. कातळात सुरुंग लावून, तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. बारा खड्डे. त्यांत घालायची माती खालून, मळ्यातून, पाट्या डोक्यावर घेऊन यायची. एका खड्ड्याला किती पाट्या लागतात ते वहिनीने बोटांवर मोजून सांगितलं आणि मग म्हणाली, "मोजूच नये." अर्धे भरून झाले होते. एका भरलेल्या खड्ड्यापाशी मी सुई काढली, वाकलेलीच होती, आणि खुपसली. मुठीपर्यंत गेली.

"बाहेर काढ," दादा ओरडला. "मूळ हाय तिथं."