दहावीचा वर्ग, पुन्हा एकदा

आज सोलापुरात आमच्या दहावीच्या वर्गाचा स्नेहमेळावा झाला. सत्कार आणि भाषणे थोडी आवरती घेतली असती तरी चालले असते, कारण खरी गंमत जेवणाच्या पंगतीत होती. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पानात पडताच अहो-जाहो करणारी मंडळी अरे-तुरेवर आली.

वर्गातील बरीच मुले पूर्व भागातल्या विणकर घरांतली होती. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी ही मुले यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास करीत आणि तरीही गणितात आम्हां सर्वांच्या पुढे असत. त्यांच्यापैकी एक मित्र आता चादरी सोडून टॉवेल विणतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असूनही तिच्या नावाने परगावचा स्वस्त माल सर्रास खपतो, हे त्याने इतक्या शांतपणे सांगितले की मलाच राग आला. गिरणी बंद पडल्यावर वडिलांची नोकरी गेली आणि आपले कॉलेज सुटले, हे एका मैत्रिणीकडून आज प्रथमच कळले. शाळेत तिने कधी जाणवू दिले नव्हते.

पुढची भेट संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत ठरली आहे. नंदीध्वजांची मिरवणूक पाहायची असल्यास पुण्या-मुंबईकरांनी रजा आताच टाकाव्यात.