वेब की नेटिव्ह? आधी डेटा कुठे राहणार ते सांगा

एकट्यानं सॉफ्टवेअर तयार करून विकायचंय, तर नेटिव्ह अ‍ॅप (स्टोअरमधून फोनवर बसवायचं) करू की वेब अ‍ॅप (ब्राउझरमध्ये चालणारं), असं बरेच जण विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: वापरणाऱ्याचा डेटा कुठे राहणार, ते आधी ठरवा.

सर्व्हरवर राहणार असेल, तर बिनधास्त वेब. सकाळी सापडलेला बग दुपारी सगळ्यांकडे दुरुस्त होतो, अ‍ॅप स्टोअरच्या रिव्ह्यूची वाट पाहावी लागत नाही. फक्त सर्व्हिस वर्कर, म्हणजे साइटच्या फाइली साठवून ठेवणारी, ब्राउझरमध्ये मागे चालणारी स्क्रिप्ट, जपून वापरा. एक जरी जुना टॅब उघडा असेल, तर तिची नवी आवृत्ती ‘वेटिंग’मध्ये अडकून राहते, पान रिफ्रेश करूनही सुटत नाही. थेट स्किपवेटिंग (न थांबता नवी आवृत्ती चालू करायची आज्ञा) लावलं, तर जुन्या पानाच्या हाती नव्या फाइली पडतात आणि पान मोडू शकतं. त्यापेक्षा ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी पट्टी दाखवा, तिच्यावरचं बटण दाबलं की स्किपवेटिंग करा आणि नव्या आवृत्तीनं ताबा घेतल्याचा कंट्रोलरचेंज इव्हेंट आल्यावर पान रीलोड करा.

टिपणं, रोजनिशी, हिशेब असं काही फक्त वापरणाऱ्याच्या फोनवरच राहणार असेल, तर मात्र मी नेटिव्हच सांगेन. २०२० पासून सफारीत, म्हणजे आयफोनच्या ब्राउझरमध्ये, नियम आहे: सफारी वापरल्याचे सात दिवस भरले आणि त्यात तुमच्या साइटला हात लावला नाही, तर साइटच्या स्क्रिप्टनं ब्राउझरमध्ये साठवलेलं सगळं पुसलं जातं. ब्राउझरमधल्या साठवणीच्या जागा, लोकलस्टोरेज आणि इंडेक्स्डडीबी, दोन्ही गेल्या. होम स्क्रीनवर टाकलेलं वेब अ‍ॅप यातून वाचतं, पण शेअर मेनूत शिरून ते टाकण्याइतकी खटपट फार थोडे करतात. वेब पुशचं, म्हणजे साइटनं फोनवर पाठवलेल्या सूचनांचंही तेच. आयओएस १६.४ पासून मिळतं, तेही होम स्क्रीनवरच्या अ‍ॅपलाच. कुणाची वर्षभराची टिपणं अशी जाऊ देणं मला मान्य नाही.

नेटिव्हचा खर्च आधी मांडून ठेवा. अ‍ॅपलचे वर्षाला ९९ डॉलर, गूगल प्लेचे एकदाच २५. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत विक्री असेल तर दोन्हीकडे साधारण १५ टक्के कमिशन. अ‍ॅपलकडे त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. प्लेवर नवं वैयक्तिक खातं असेल, तर प्रकाशनाआधी १२ टेस्टर सलग १४ दिवस चाचणीत सहभागी असावे लागतात. ही माणसं आधीच गोळा करा, नाहीतर तयार अ‍ॅप पडून राहतं.

आणि वेब अ‍ॅपलाच वेष्टण चढवून स्टोअरमध्ये टाकायचं का? अँड्रॉइडवर ट्रस्टेड वेब अ‍ॅक्टिव्हिटीनं (अ‍ॅपच्या आत तुमची साइट पूर्ण पडद्यावर दाखवायची सोय) छान जमतं. अ‍ॅपल मात्र आपल्या रिव्ह्यू नियमावलीतला नियम ४.२ (अ‍ॅपमध्ये किमान उपयुक्तता हवी) दाखवून नुसती गुंडाळलेली वेबसाइट परत पाठवतं.